ब्रेक नसलेली गाडी : मातीवरच्या शर्यतींचा इतिहास, एका जुन्या शौकिनाच्या नजरेतून



मागच्या वर्षी याच जागेवर मी शंकराचार्य आणि ह्यूम यांच्यावर बोललो होतो. तेव्हा यापेक्षा कमी खुर्च्या भरल्या होत्या, हे मी बघून ठेवलंय. (हशा) आज विषय मोटारसायकलच्या शर्यतींचा आहे. संयोजकांनी मला दोनदा विचारलं, "सर, नक्की हाच विषय ना?" म्हटलं, नक्की हाच. पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण शर्यतीचं वेड त्याच्याही आधीचं आहे.

सुरुवात पुसेगावपासून करतो. आमचं गाव खटाव तालुक्यातलं, दुष्काळी भाग. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, मार्गशीर्षात. जनावरांचा मोठा बाजार, रथ, पाळणे, तमाशाचे तंबू. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडील बैलांच्या बाजारात होते आणि आम्हा पोरांना चुलत्यांनी मौत का कुआँ बघायला नेलं. लाकडी फळ्यांचं मोठं पिंप, बाहेरून जिना चढून वर जायचं आणि कठड्यावरून आत वाकून बघायचं. खाली एक सडपातळ माणूस मोटारसायकलला किक मारतो, तळाशी दोन चकरा घेतो, मग उतारावर येतो आणि बघता बघता भिंतीवर आडवा. हात सोडून. कुणी नोट पुढे केली की ती हातातून ओढून घेऊन पुढे जायचा. फळ्या थडथड हलायच्या. मी चुलत्यांना विचारलं, "काका, हा थांबला तर?" काका म्हणाले, "म्हणून तर थांबत न्हाई."

पुढं पदार्थविज्ञानाच्या मास्तरांनी सांगितलं की वेग पुरेसा असला की भिंत चाकाला आत रेटते आणि घर्षणामुळे गाडी घसरत नाही. ते बरोबरच आहे. पण काकांचं उत्तरही चुकीचं नव्हतं.

हा खेळ आपल्या जत्रेतला वाटतो, पण त्याचं मूळ अमेरिकेत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे लाकडी फळ्यांचे गोल ट्रॅक बांधून त्यावर मोटारसायकली पळवायचे. वळणावर फळ्या तिरक्या उभ्या करायचे, त्यामुळे वेग भयंकर असायचा. खेळाडू मेले, प्रेक्षकही मेले, आणि ते ट्रॅक बंद पडत गेले. त्याच सुमाराला जत्रेवाल्यांनी त्याची छोटी आवृत्ती केली, तिरकी फळी हळूहळू सरळ उभी झाली, आणि तो झाला मौतचा कुआँ. तिकडे तो जवळजवळ संपला, आपल्याकडे अजून फिरतो आहे.

लाकडाची ही वाट कुआँकडे गेली. मातीची दुसरी एक वाट होती, ती गेली स्पीडवेकडे, आणि ती कथाही जत्रेतच सुरू होते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये वेस्ट मेटलंड म्हणून गाव आहे. तिथल्या शेतकी संस्थेचे सचिव जॉनी होस्किन्स. १५ डिसेंबर १९२३ रोजी त्यांनी रात्री दिव्यांच्या उजेडात, जिथे एरवी घोडे आणि जनावरं फिरवायचे त्या गोल मातीवर मोटारसायकलच्या शर्यती लावल्या. गर्दी उसळली. मातीवर मोटारसायकली त्याआधीही पळत होत्या, त्यामुळे 'पहिली शर्यत' कोणती यावर भांडणं आहेत, आणि होस्किन्स हा माणूस गोष्ट रंगवून सांगणारा होता. पण शेतकी प्रदर्शन, रात्र, दिवे, धूळ आणि तिकीट, एवढं सगळं एकत्र आलं ते तिथे. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळ हाय बीचला शर्यत झाली आणि इंग्लंड वेडं झालं. १९३६ साली वेम्बलीला पहिलं जागतिक अजिंक्यपद, जिंकला ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग.

आता हा खेळ आहे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे तो कुणी बघितलेला नाही. कोईमतूरला 'कारी मोटर स्पीडवे' आहे, पण तो नावाचाच स्पीडवे, तिथे डांबरी ट्रॅक आहे. खरा स्पीडवे म्हणजे मातीचा लंबगोल, साधारण तीनशे-साडेतीनशे मीटरचा. चार स्वार, चार फेऱ्या, डावीकडे वळत. एक मिनिटात खेळ खलास. पहिल्याला तीन गुण, मग दोन, एक, आणि शेवटच्याला भोपळा. अशा पंधरा-वीस शर्यती एका संध्याकाळी. गाडी पाचशे सीसीची, वजन ऐंशी किलोच्याही आत, एकच गिअर, पेट्रोलऐवजी मिथेनॉल. आणि ब्रेक नाही. पुढे नाही, मागे नाही.

मी हे सांगितलं की लोक म्हणतात, हा तर वेडेपणा. उलट आहे. चौघं एकमेकांना खेटून घसरत जात असताना पुढच्यानं अचानक ब्रेक दाबला तर मागचे तिघं त्याच्या पाठीत. ब्रेक नाही म्हणून पुढचा काय करणार हे मागच्याला ठाऊक असतं. मग वळतात कसे? मागचं चाक मुद्दाम घसरवून. गाडी डावीकडे जाते आणि पुढचं चाक असतं उजवीकडे वळलेलं. डाव्या बुटाच्या तळाला लोखंडी पत्रा, तो पाय मातीवर टेकवून स्वार जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पडला, पडला. ते पडणंच ताब्यात ठेवायचं, हा सगळा खेळ.

मला हे बघायला मिळालं ते निव्वळ योगायोगानं. डॉक्टरेट झाल्यावर १९८० च्या शरदात मला एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली, कॉव्हेंट्रीजवळच्या विद्यापीठात. कॉव्हेंट्री म्हणजे सायकली आणि मोटारसायकलींचं गाव. ट्रायम्फचा कारखाना जवळच मेरिडनला, तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता, १९८३ ला बंदच झाला. मी ज्यांच्याकडे राहायचो ते गृहस्थ निवृत्त फिटर. मला म्हणाले, शनिवारी रात्री पुस्तकं वाचत बसू नका, चला. ब्रँडन स्टेडियम. कॉव्हेंट्री बीज हा तिथला संघ, बीज म्हणजे मधमाशा.

आत शिरताच आधी वास आला. आणि मित्रहो, तो वास माझ्या ओळखीचा होता. या इंजिनात वंगण म्हणून एरंडेल वापरायचे, कारण मिथेनॉलबरोबर ते चांगलं टिकतं. लहानपणी दर महिन्याला आजी नाक दाबून जे पाजायची, तेच तिथे जळत होतं. 'कॅस्ट्रॉल' हे नावच कॅस्टरवरून, म्हणजे एरंडावरून आलेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं, डोळ्यांत पाणी का? म्हटलं, धूर गेला. (हशा)

तिथं ओले ओल्सेन होता, डेन्मार्कचा, तोवर तीन वेळा जगज्जेता झालेला. तरुण टॉमी नुडसेन होता. मला त्या गावात फार कुणी ओळखत नव्हतं, पण शनिवारी त्या पायऱ्यांवर मी 'आपल्यातला' असायचो. गिरणीतला, कारखान्यातला माणूस बायकापोरांना घेऊन यायचा. हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन्सिल, प्रत्येक शर्यतीचे गुण स्वतः लिहायचा. ते लिहिणं मला फार आवडलं. प्रेक्षक नुसता बघत नव्हता, हिशेब ठेवत होता. ५ सप्टेंबर १९८१ ला बसनं आम्ही वेम्बलीला गेलो, जागतिक अंतिम शर्यतीला. नव्वद हजारांच्या आसपास माणूस. अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल जिंकला, ओल्सेन दुसरा, नुडसेन तिसरा. पेनहॉलनं आमच्या दोघांनाही शेवटच्या रेषेवर, चाकाच्या रुंदीइतक्या अंतरानं मागं टाकलं. परतीच्या बसमध्ये कुणी बोललं नाही. वेम्बलीवरची ती शेवटची जागतिक अंतिम शर्यत होती, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

आता महाराष्ट्राकडे येतो. आपण म्हणतो की आपला या खेळाशी काही संबंध नाही. तसं नाही. मुंबईचे रुस्तुम इराणी जावा गाड्या आयात करायचे. पुढे १९६१ पासून म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात त्या बनू लागल्या आणि नंतर त्यांचीच येझदी झाली. पुसेगावच्या कुआँत मी बहुतेक जावाच बघितली असणार, नंतर जिथे जिथे बघितलं तिथे येझदीच होती. आता बघा, चेकोस्लोव्हाकियात दिविशोव गावी एसो नावाचा कारखाना स्पीडवेची इंजिनं बनवायचा. १९६४ साली तो जावात विलीन झाला आणि त्यानंतर जावा हे स्पीडवेतलं फार मोठं नाव झालं. म्हणजे ब्रँडनच्या मातीवर मी ज्या टाकीवर 'जावा' वाचलं, तेच नाव आमच्या तलाठ्याच्या गाडीवर होतं.

दुसरी गंमत राजदूतची. आमच्याकडे दूधवाल्याची गाडी, दोन्हीकडे कॅन लटकावलेली. ती मुळात पोलंडची, एसएचएल नावाच्या गाडीवरून घेतलेली. आणि आज स्पीडवेचं माहेरघर कुठलं? पोलंड. तिथे भरलेल्या स्टेडियममध्ये लीग चालते. बार्तोश झ्मार्झलिक या पोलिश स्वारानं २०२५ साली सहावं जागतिक अजिंक्यपद जिंकलं, न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांच्या बरोबरीला आला. एका गुणानं जिंकला. मी नातवाच्या मोबाईलवर बघितलं. तर ज्या दोन देशांनी हा खेळ सांभाळला, त्यांच्याच गाड्यांवर आपल्या दोन पिढ्या फिरल्या. गाड्या आल्या, खेळ आला नाही. का आला नाही?

माझं उत्तर असं आहे की जागा आली नाही. आपल्याकडे शर्यत नेहमी दुसऱ्याच्या जागेत पाहुणी राहिली. मुंबईत जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर, मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर. आजही लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीला सरळ रेषेत पाव मैल गाडी पळवण्याच्या स्पर्धा होतात, त्याही धावपट्टीवरच. मद्रासवाल्यांनी १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक केला, म्हणून आपले बहुतेक शर्यतवीर दक्षिणेत घडले. कोईमतूरचा ट्रॅक २००३ चा. आपल्याकडे पुणं होतं. बजाज तिथे, कायनेटिकची लुना तिथली, एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था तिथली, घराघरात दुचाकी. पुण्यात, नाशिकला मातीवरच्या मोटोक्रॉस, सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय फेऱ्या होत आल्या. मी त्यासाठी एसटीनं कितीतरी वेळा गेलोय. एखाद्या मैदानात डंपरनं माती आणायची, उंचवटे करायचे, रविवारी शर्यत, सोमवारी माती उचलायची. नवी मुंबईत पावसाळ्यात गल्फ मान्सून स्कूटर रॅली व्हायची, चिखलात लडबडलेल्या स्कूटरी. बजाजची स्कूटर चिखलात आडवी होताना बघणं हा एक वेगळाच आनंद आहे, विशेषतः जिनं ती कॉलेजला जाताना रोज तिरकी करून सुरू केली आहे त्याला. पण हे सगळं रविवारपुरतं.

इंग्लंडातही तेच झालं, जरा उशिरा. तिथले स्पीडवे बहुतेक कुत्र्यांच्या शर्यतींच्या स्टेडियममध्ये भाड्यानं चालायचे. युद्धानंतर सरकारनं जबर करमणूक कर लावला, टीव्ही आला, हे सगळं खरं. पण शेवटचा घाव जमिनीचा. वेस्ट हॅमचं स्टेडियम १९७२ मध्ये गेलं. माझं ब्रँडन २०१६ नंतर बंद, मालकाला तिथे घरं बांधायची होती. २०२३ च्या अखेरीला वुल्व्हरहॅम्प्टन थांबलं. लोक म्हणतात खेळ जुना झाला. मला वाटतं, जागेचा भाव वाढला.

मुंबईत बघा. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं, घोड्यांचं, श्रीमंतांचं. (तिथे घोडे उजवीकडे वळतात, स्पीडवे डावीकडे. जाता जाता सांगितलं.) तिथेही २११ एकरांतले १२० एकर २०२४ मध्ये बागेसाठी महापालिकेकडे गेले. बाग व्हायलाच हवी, मी त्याविरुद्ध नाही. पण ज्यांच्याकडे पैसा आणि वजन आहे त्यांची ही गत, तर मोटारसायकलवाल्या पोरांचं कोण ऐकणार?

आणि आपलं मीरा-भाईंदर. मी १९८४ ला इथं आलो, गिरगावात जागा परवडेना म्हणून. नगरपालिका पुढच्या वर्षी झाली, महापालिका २००२ मध्ये. स्टेशनवरून उतरलं की मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, पलीकडे खाडी. उन्हाळ्यात मिठागराच्या कडेची जमीन अशी कडक आणि सपाट व्हायची की माझ्या मनात यायचं, इथे चुन्यानं एक लंबगोल आखावा. १९९१ च्या जनगणनेत आपण पावणेदोन लाख होतो, २०११ ला आठ लाखांवर. त्या लंबगोलावर आता काय आहे ते तुम्ही रोज खिडकीतून बघता. मीसुद्धा अशाच एका इमारतीत राहतो, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगावी की नाही, मी बराच विचार केला.

नव्वदच्या दशकात माझा एक विद्यार्थी होता. हुशार नव्हता म्हणणार नाही, पण पुस्तकात जीव नव्हता. तास संपला की यायचा आणि म्हणायचा, "सर, वेम्बलीचं सांगा ना." मी सांगायचो. रंगवून सांगायचो, होस्किन्ससारखं. ब्रेक नसलेली गाडी, लोखंडी बूट, शेवटच्या रेषेवरचा पेनहॉल. त्याच्याकडे शंभर सीसीची टू-स्ट्रोक होती. एका रात्री घोडबंदर रोडवर पोरांनी पैजेवर गाड्या पळवल्या. समोरून ट्रक आला. एकोणीस वर्षांचा होता.

दहाव्याला मी गेलो. त्याचे वडील रेल्वेत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "सर, तो सारखा तुमचं नाव घ्यायचा. तुम्ही त्याला सांगितलं होतं का, की ब्रेक नसलेलीच गाडी सुरक्षित असते?"

मी सांगितलं होतं. जे सांगितलं ते खरं होतं. पण ते कुठे खरं आहे, हे मी सांगितलं नव्हतं. चौघंच आहेत, चौघंही एकाच दिशेला जात आहेत, खाली सैल माती आहे, कडेला कुंपण आहे, रुग्णवाहिका उभी आहे, समोरून कुणीही येणार नाही याची हमी आहे, तिथे ते खरं. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की विधान त्याच्या संदर्भासह तपासा. आणि स्वतः एक विधान संदर्भ सोडून एका पोराच्या हातात दिलं. काही मित्र म्हणतात, तू उगाच स्वतःला लावून घेतोस, तो तसाही पळवणारच होता. असेल. तेवढ्यानं माझा हिशेब मिटत नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षं मी एकही शर्यत बघितली नाही. कात्रणं माळ्यावर टाकली.

परत गेलो तो बैलांमुळे. गावाकडे बैलगाडा शर्यतींचा वाद पेटला होता. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या वेदनेचा प्रश्न खरा आहे, तो निकालानं संपला असं मी मानत नाही, आणि बैलाला कुणी 'पळतोस का' म्हणून विचारत नाही, हा मोटारसायकलपासूनचा मोठा फरक. पण त्या सात वर्षांत मी एक बघितलं. बंदी होती तेव्हा शर्यती थांबल्या नाहीत. पहाटे, आडमाळावर, फोनाफोनी करून होत राहिल्या. ना कुंपण, ना डॉक्टर. मला घोडबंदर रोड आठवला. वेग हवा असलेला माणूस तो कुठेतरी मिळवतोच. त्याला कुठे मिळू द्यायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

मग २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीला गेलो. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीच फेरी होती. क्रीडासंकुलात हजारो टन माती आणून ट्रॅक केलेला, परदेशी स्वार, मोठा पडदा, कानठळ्या बसवणारं संगीत. सुपरक्रॉस म्हणजे उड्यांचा खेळ. घसरण्याची ती नजाकत त्यात नाही. गाडी हवेत गेली की पोरं ओरडतात, पण हवेत गाडी सगळ्यांची सारखीच दिसते. खरी शर्यत वळणावर असते, आणि वळणाच्या वेळी निवेदक जाहिरात वाचत होता. माझ्या शेजारच्या मुलानं दोन तासांत शर्यत मोबाईलच्या पडद्यातूनच बघितली. गुण लिहिणारा एकही माणूस मला दिसला नाही. मी लिहिले, वहीत. दोन-तीन जणांनी विचारलं, आजोबा, तुम्ही पत्रकार का?

पण हे म्हातारपणाचं कुरकुरणं झालं. त्याच दिवशी छोट्यांची ८५ सीसीची शर्यत होती. एक पोरगा वळणावर पडला. हेल्मेट, छातीवर कवच, गुडघ्याला पट्टे. लगेच पिवळा झेंडा हलला, दोन माणसं धावली, त्यांनी त्याला उभं केलं, गाडी उचलून दिली. तो परत बसला आणि शेवटचा आला. भोपळा. कुंपणाला त्याचे वडील उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बराच वेळ त्या वडिलांकडेच बघत होतो.

वेळ झालीय, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो. एका ताईंनी विचारलंय, "मुलगा सोळाचा आहे, रेसिंग करायचं म्हणतो, काय करावं?"

ताई, आधी त्याच्याबरोबर एकदा पुण्याला जा, शर्यत बघा, तुम्ही दोघंही. मोटोक्रॉस शिकवणारी माणसं तिथे भेटतील. परवाना लागतो, तो एफएमएससीआयकडून, म्हणजे मोटर स्पोर्ट्सच्या राष्ट्रीय संघटनेकडून मिळतो, आणि अठराच्या आतल्याला पालकांची सही लागते. म्हणजे सही तुमच्या हातात आहे. गाडीच्या आधी हेल्मेट, बूट आणि कवच घ्या, तिथे पैसे वाचवू नका. पहिले सहा महिने त्याला मातीवर नुसतं पडायला शिकू दे. आणि घोडबंदर रोडबद्दल त्याच्याशी बोलायचं असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी भाईंदर पश्चिमेलाच असतो, संध्याकाळी घरीच असतो.

आणखी चिठ्ठी आहे का? नाही? बरं, मग माईक देतो.